कंबरदुखी आणि मन : एका मोबाइल कार्यक्रमाचा अनुभव
माझी कंबरदुखी चार वर्षांची असल्यामुळे, कोथरूडच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी सुचवलेला, नैराश्य येण्याआधीच ते रोखू पाहणारा एक मोबाइल कार्यक्रम मी घेतला. दुखेल या भीतीने सोडलेल्या गोष्टी तो थोड्याथोड्या पुन्हा सुरू करायला लावतो (पहिल्या आठवड्यात मी पर्वतीच्या वीसच पायऱ्या चढले), आणि प्रत्येक धड्यानंतर समुपदेशक लेखी उत्तर देतात, हेच त्याचे खरे बळ आहे. जर्मनीत पाठदुखीच्या २९५ रुग्णांवर झालेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मार्गदर्शनासहित कार्यक्रमाने वर्षभरातील नैराश्याचा धोका जवळपास निम्मा केला होता. मराठी भाषांतर मात्र बोजड आहे. ‘वेदना-स्वीकृती’ (दुखणे मान्य करून त्यासह जगणे) हा त्यातला शब्द आईला समजावताना माझी दमछाक झाली. कंबर अजून दुखते, पण संध्याकाळी दार लावून पडून राहणे थांबले आहे.