प्लम्पीनट: उपचार पाकिटात, कारणे घरात

अतितीव्र कुपोषणावरचे औषध म्हणून प्लम्पीनटचे जे पाकीट हाती पडते, ते दिसायला अगदीच साधे आहे: ९२ ग्रॅम वजन, ५०० किलोकॅलरी ऊर्जा, आणि आत शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे. फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रिआँ आणि न्यूट्रिसेट या फ्रेंच कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी १९९६ साली ते तयार केले.

त्याची खरी करामत चवीत किंवा उष्मांकात नाही, तर त्यात जवळजवळ नसलेल्या पाण्यात आहे. आधीचे एफ-१०० हे उपचारी दूध पाण्यात कालवावे लागे. कालवलेल्या दुधात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून मूल कित्येक आठवडे रुग्णालयातच राही आणि घरची बाकीची मुले आईविना. या लगद्यात जंतूंना वाढायला ओलावाच मिळत नाही, शिजवण्याची गरज नसते, आणि बंद पाकीट सुमारे दोन वर्षे टिकते. गुंतागुंत नसलेल्या मुलावर घरीच उपचार करण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींनी २००७ साली संयुक्त निवेदनाद्वारे पाठिंबा दिला, तो या गुणामुळेच शक्य झाला.

मात्र हे पाकीट प्रत्येक कुपोषित मुलासाठी नाही. सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यावर खड्डा पडणारी सूज असेल, तर अतितीव्र कुपोषणाचे निदान होते. पण पाकीट घरी देण्याआधी मुलाने ते समोर बसून खाऊन दाखवायला हवे. ही भूक-चाचणी टाळणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. ज्याला भूकच उरलेली नाही, त्याचे हृदय, यकृत, मूत्रपिंड सारेच मंदावलेले असते, आणि अशा शरीरावर एकदम भरपूर अन्नाचा मारा केला तर रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम घसरून मूल दगावू शकते. त्याला रुग्णालयात, १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरीच देणारे एफ-७५ हे उपचारी दूध थोडेथोडे पाजावे लागते, शिवाय ऊब आणि प्रतिजैविकेही द्यावी लागतात.

तक्रारी आहेत. लगदा घट्ट असल्याने तहान लागते, म्हणून सोबत स्वच्छ पाणी पाजावे लागते, आणि पाकीट देताना नेमके हेच सांगायचे राहून जाते. गोड असल्यामुळे भावंडांत वाटणी होते (आईला दोष कसा द्यावा?), आणि मग आजारी मुलाचे वजन अडून बसते. स्तनपान चालू असेल तर आधी दूध, मग पाकीट, हा क्रमही पाळला जात नाही.

वजन भरून आले तरी वारंवारचे जुलाब, गोवर, वेळेआधी सुटलेले स्तनपान, पातळ केलेले दूध आणि रिकामे डबे ही कारणे तशीच असतात, आणि तेच मूल काही महिन्यांनी पुन्हा दंडाला पट्टी लावून घ्यायला येते. पाच ताऱ्यांपैकी चार; पाचवा मी पाण्याची सोय नसलेल्या घरासाठी राखून ठेवला आहे.