जागतिक सिनेमाचा अभ्यास: १८९५पासून पुढे, की ‘शोले’पासून मागे?

जागतिक सिनेमाचा इतिहास एकदा नीट बघायचाच, असं मनावर घेतलं की पहिल्या रविवारी वही निघते आणि पहिल्या पानावर १८९५, म्हणजे सिनेमाच्या जन्माचं वर्ष, लिहिलं जातं. मीही लिहिलं होतं. लुमिएर बंधूंची स्टेशनात शिरणारी आगगाडी, मेलिएसच्या सिनेमातला चंद्र, मग अमेरिकेचा दिग्दर्शक ग्रिफिथ... आणि १९२२च्या आसपास गाडी अडकली ती अडकलीच. वहीची उरलेली पानं दुधाच्या हिशेबाला लागली.

दुसरी रीत उलटी. पाठ असलेला एखादा सिनेमा घ्यायचा आणि त्याचा धागा मागे ओढत जायचं. ‘शोले’मधलं (१९७५) ठाकूरच्या घरातलं हत्याकांड आठवा. झोपाळा करकरतोय, गब्बर लहानग्या पोरावर बंदूक रोखतो, गोळी सुटते आणि क्षणात समोर आगगाडी. आता इटालियन दिग्दर्शक सर्जो लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) लावा. तिथंही उजाड माळावरचं घर, अंगणात पडलेलं कुटुंब, उरलेला एक पोरगा आणि गोळीच्या आवाजात मिसळलेली इंजिनाची शिट्टी. लिओनेच्या मागे गेलात की जपानी दिग्दर्शक कुरोसावा भेटतो. लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून (१९६१) इतका उघड उचललेला, की प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि जपानी निर्मात्यांना कमाईतला १५ टक्के वाटा द्यावा लागला. कुरोसावा स्वतः जॉन फोर्डचा, म्हणजे काउबॉयपटांच्या अमेरिकन दिग्दर्शकाचा भक्त. आणि फोर्डच्याही मागे १९०३चा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ उभा आहे. जेमतेम बारा मिनिटांचा. त्यात एक दरोडेखोर थेट आपल्याकडे बघून गोळ्या झाडतो. चार-पाच संध्याकाळींत सत्तर वर्षं मागे, आणि एकदाही जांभई नाही.

पण हा धागा घोड्यावरून उतरतच नाही. जवळपास जमिनीलगत कॅमेरा ठेवणारा जपानचा ओझू, सेनेगलचा उस्मान सेम्बेन, फ्रान्सची आन्येस वार्दा या दिग्दर्शकांपैकी कुणीच या वाटेवर भेटत नाही. त्यांच्यासाठी वेगळा धागा धरावा लागतो, आणि तो धरायचा हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

वही अर्धी टाकलेला माणूस असूनही, कालक्रमाची एक गोष्ट मला अजून बिनतोड वाटते. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा मूकपट ‘सनराइज’ (१९२७) बघा. रात्री दलदलीतून एक माणूस बाईला भेटायला निघालाय. कॅमेरा त्याच्या मागोमाग वळणं घेत, कुंपण ओलांडून जातो, मग त्याला सोडून फांद्यांतून वाट काढतो आणि त्याच्या आधीच त्या बाईपाशी जाऊन पोहोचतो. लगोलग १९२९चा कुठलाही साधारण बोलपट लावा. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत कोंडलेलं, आणि नट मंडळी लपवलेल्या माइकजवळ दाटीवाटीने उभी. तरंगणारा कॅमेरा दोन वर्षांत जागेवर बसला! पुस्तकात हे एका ओळीत संपतं. ओळीने पाहणाऱ्याला मात्र आपलंच काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटतं. धाग्याने मागे जाणाऱ्याला ही हानी दिसत नाही, कारण तो १९२९वरून उडी मारून गेलेला असतो.

कालक्रमात लोक कंटाळतात त्याचा दोष बऱ्याचदा सिनेमांचा नसतोच. मूकपट बहुधा सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या (फ्रेम्सच्या) आसपास चित्रित व्हायचे. ते २४च्या गतीने चालवले की माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु पळतात आणि शोकांतिकेचाही फार्स होतो. फुकट मिळणाऱ्या कितीतरी प्रती अशाच आहेत, वर कुठलंतरी पियानोवादन चिकटवलेलं. जतन करून दुरुस्त केलेली प्रत शोधा. नाही मिळाली तर गती कमी करा आणि आवाज बंद ठेवा. मूकपट बंद आवाजात बघायला काहीच हरकत नाही.

तिसरा मार्ग शिकवणीचा: पुण्यातला फिल्म ॲप्रिसिएशनचा, म्हणजे सिनेमा समजून घ्यायचा अभ्यासक्रम किंवा मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारखी, १९६८पासून चालू असलेली फिल्म सोसायटी. महिनाभर सुटी काढता येत असेल तर फार विचार करू नका, अर्ज भरा. सोसायटीत निवड दुसऱ्याची असते, आणि तोच तिचा फायदा. सेम्बेन मला तसाच भेटला, दुसराच सिनेमा बघायला गेलो असताना.

आठवड्याला एकच संध्याकाळ मोकळी असेल तर धागाच धरा. सुरुवात ‘शोले’नेच करायला हवी असंही नाही, सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’कडून इटलीच्या ‘बायसिकल थीव्हज’कडे जाणारा धागाही तितकाच पक्का आहे. वर्षभर चिकाटी टिकेल अशी खात्री असेल तर आधी दोन धागे, आणि मग १८९५ ते १९३० एवढाच तुकडा ओळीने, दहा-बारा सिनेमांत. सगळा इतिहास ओळीने बघायचा हट्ट मी कुणालाही सुचवणार नाही. ‘सनराइज’मधलं ते दलदलीतलं चालणं मात्र फोनवर बघू नका.