रात्री दहाचा ‘बॅकअप’

भोसरीतील आमच्या छोट्या कारखान्याच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या माणसाला आम्ही वार्षिक करारापोटी जीएसटीसह १,१८,००० रुपये आगाऊ मोजले आणि त्यानेच लावलेल्या स्क्रिप्टपायी, म्हणजे संगणकाकडून आपोआप कामे करून घेणाऱ्या आज्ञांपायी, आमचे ६,४२,३०० रुपये बुडाले. तिने आमच्या फाइली बाहेर पाठवल्या. पुढचे तुम्हाला ठाऊकच असेल: चोरलेल्या बिलावरून हुबेहूब बिल बनते, ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल ग्राहकाला जातो आणि पैसे भलत्याच खात्यात पडतात.

मार्चअखेरीच्या कामासाठी थांबलेल्या आमच्या अकाउंटंट बाईंना एका रात्री पडद्यावर काळी खिडकी उघडून मिटताना दिसली. पाठोपाठ सी ड्राइव्ह भरल्याची सूचना आली आणि प्रोग्रॅमडेटा फोल्डरात १.८ जीबीची झिप फाइल सापडली. त्या माणसाला फोन केला, तर उत्तर मिळाले, “बॅकअप चालू आहे, हात लावू नका.” सकाळी ती फाइल गायब होती. खरा बॅकअप आपलीच प्रत पुसतो का? पण ज्याच्या हाती सर्व्हरचा पासवर्ड आहे, त्याच्या शब्दावर गिअर कापणाऱ्या माणसाने कोणत्या आधारावर संशय घ्यायचा?

नंतर दुसऱ्या जाणकाराने ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारा विंडोजचा टास्क शेड्युलर उघडला, तेव्हा खिडकी लपवून चालणारी, पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या साधनाची स्क्रिप्ट निघाली. नुकत्याच बदललेल्या एक्सेल, पीडीएफ आणि ड्रॉइंगच्या फाइली तेवढ्या निवडून ती कॉम्प्रेस-आर्काइव्ह या झिप बनवण्याच्या आज्ञेने गुंडाळायची, बाहेर पाठवायची आणि झिप पुसायची. पॉवरशेल विंडोजचेच असल्यामुळे अँटिव्हायरस गप्प राहिला. स्क्रिप्टचा पूर्ण मजकूर ४१०४ क्रमांकाच्या नोंदीत उतरवण्याची सोय विंडोजमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. आजच करा आणि त्या नोंदी दुसऱ्या यंत्रावर साठवा, कारण जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात. आमच्या तशाच गेल्या.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर पैसे ग्राहकाच्या खात्यातून गेले म्हणून तक्रार त्याने करावी, असे सांगण्यात आले. ग्राहक कोइमतूरचा, आणि तो म्हणतो की त्याने बिल चुकते केले आहे. पोलीस ठाण्यात विचारणा झाली, “फाइली तर तुमच्याकडेच आहेत, मग चोरी कशाची?” परवानगीविना माहितीची प्रत काढणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसते आणि ते लबाडीने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे फिर्यादीने अधिकाऱ्याला समजावून सांगायचे का? पुढच्या टेबलावर, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांवर बोट ठेवून, संगणकांच्या १८० दिवसांच्या नोंदी मागितल्या गेल्या. हा नियम लहान कारखान्यांच्या कानावर कोणी घातला होता?

देखभालीचा करार करताना रात्री काय चालते आणि कोठे जाते, हे लेखी मागा. बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर जुन्या नंबरवर फोन करा, असे ग्राहकांना आधीच कळवून ठेवा.

पाच कोटींपर्यंतच्या भरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे अर्ज करता येतो, हे मला कोणत्याही सरकारी कचेरीत कळले नाही. ते वकिलांनी सांगितले आणि त्याचे १५,००० रुपये घेतले.