गप्पी की प्लॅटी? दोन्ही पाळून झाल्यावर

आमच्या ऑफिसातल्या एकानं मागं चहाच्या गाड्यावर विचारलं, दादा, पोरीसाठी माशांची टाकी घ्यालोय, गप्पी टाकू का प्लॅटी? चहा संपेस्तोवर जमलं तेवढं सांगितलं पण ते अर्धवटच झालं, म्हणून इथं जरा बैजवार लिहितोय. टाकी आधी सायकल करून घ्यायची, म्हणजे मासे टाकायच्या आधी फिल्टर चालवून त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढू द्यायचे, नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, हे सगळं तुम्हाला माहिती आहे असं धरून चालतो. आणि हे माझ्या एका टाकीतलं आहे, दुसऱ्याचा अनुभव उलटाही असेल, त्यावरनं भांडण नको.

टाकी दोन बाय एक बाय एक फूट, म्हणजे कागदावर 56 लिटर, वाळू-दगड धरून खरं पाणी 45 भर. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर, टाकी पुढच्या खोलीत, आणि त्याच खोलीत आबांची कॉट. कॉटचं तेवढं ध्यानात ठेवा.

पहिल्यांदा गप्पीच आणले, सगळेच आणतात. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असले की नजर गप्पीवरच जाते, त्यात त्या बिचाऱ्या प्लॅटीचा काही दोष नाही. सकाळी आमच्या खिडकीतनं तिरपं ऊन टाकीवर यायचं तेव्हा नर गर्रकन वळला की त्याची शेपूट मागनं सावकाश वळायची, पदर सावरत बाई वळते तशी, आणि त्यातनं ऊन आरपार दिसायचं. हातात ब्रश घेऊन मी टाकीपुढं उभा राहायचो आणि आतनं आईचा आवाज यायचा की दात घासून झालं असेल तर दूध आण. प्लॅटीनं मला असं कधी उभं केलं नाही, हे आधीच कबूल करतो.

माझ्या पुतण्याला बरेच दिवस वाटायचं की गप्पा मारतो म्हणून गप्पी. ते खरं एका माणसाचं आडनाव आहे, रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी. त्यानं त्रिनिदादहून हे मासे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पाठवले आणि 1866 साली तिथल्या गुंथर नावाच्या शास्त्रज्ञानं त्याच्या नावावरनं माशाचं नाव ठेवलं. मागनं कळलं की पीटर्स नावाच्या जर्मन माणसानं 1859 लाच व्हेनेझुएलाच्या माशांवरनं बारसं उरकलं होतं, त्यामुळं शास्त्रीय नावातनं गप्पीसाहेब गेले आणि दुकानात तेवढे राहिले. गंमत म्हणजे प्लॅटीचं पहिलं शास्त्रीय नावही ह्याच गुंथरनं 1866 लाच ठेवलंय, प्लॅटीपोसिलस, त्यातलं पुढचं तेवढं आपल्या तोंडात राहिलं. एक व्हेनेझुएला-त्रिनिदादकडचा, दुसरा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, आणि दोघांची गाठ पडती आमच्याकडं दुकानाच्या एकाच रॅकवर.

तर मुद्द्याचं. गप्पीची शेपूट हेच त्याचं रूप आणि तीच त्याची अडचण. डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तो साधा गप्पी वेगळा, तो कशातनं पण निभावतो. आपण घेतो ते फॅन्सी, अंगापेक्षा शेपूट मोठी. माझ्याकडं छोटा पॉवर फिल्टर होता, मोटरनं पाणी ओढून झोतानं परत सोडणारा, दोन फुटी टाकीबरोबर दुकानदार देतात तसला. त्याचा झोत गप्पीला सोसायचा नाही. नर दिवसभर झोताच्या विरुद्ध नेट लावून पोहत राहायचे, दमले की कोपऱ्यात झाडाला टेकायचे, आणि एक तर सकाळी फिल्टरच्या जाळीला शेपटीनं चिकटलेला सापडला. हातानं सोडवला, दोन दिवस तरंगला, गेला. उरलेल्यांच्या शेपट्यांच्या कडा फाटायला लागल्या, मग त्यावर पांढरं, मग मीठ, मग औषध, मग परत नवीन जोडी.

मग मी शहाणपणा केला. रात्री फिल्टर बंद ठेवायचा, म्हणजे मासे निवांत झोपतील. आठ-दहा दिवस बरं चाललं, एका सोमवारी सकाळी चालू करायचा विसरलो आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी आल्यावर आठवण झाली, बटण दाबलं, तर फिल्टरमधनं काळपट पाणी आणि गटारासारखा वास. फिल्टर बंद राहिला की स्पंजातल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, ते मरायला लागतात, आणि परत चालू केला की आत कुजलेलं सगळं टाकीत. हे मला तेव्हा वाचून माहिती होतं बरं का, तरी केलं. मंगळवारी सकाळी पाच गेलेले, त्यात पोट फुगलेली एक मादी.

सगळ्यांनी सांगितलं स्पंज फिल्टर लाव, गप्पीला तोच लागतो. आणि ते बरोबरच आहे, बुडबुड्यावर चालतो, झोत नाही, पिल्लं ओढली जात नाहीत. लावला. मासे सुधारले पण. पण स्पंज फिल्टरला एअर पंप लागतो आणि एअर पंप घुर्र करतो. दिवसा ऐकायला येत नाही. रात्री साडेदहानंतर पेठेतली वर्दळ थांबली की त्या घुर्रशिवाय दुसरं काही ऐकायलाच येत नाही. तिसऱ्या रात्री आबा उठून बसले, "अरं, उशाला गिरण लावलीयस काय?"

त्यापुढचे दोन महिने मी मासे कमी आणि पंप जास्त पाळला. खाली स्पंज ठेवून बघितला, दोरीनं खिळ्याला टांगून बघितला, टॉवेलात गुंडाळला तर तापायला लागला. जमिनीवर ठेवला तेव्हा आवाज जरा कमी झाला पण एका रात्री लाइट गेली आणि नळीतनं टाकीचं पाणी उलटं येऊन पंपात आणि फरशीवर, कारण नळीत पाणी उलटं येऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह लावला नव्हता, तेव्हा वीस-तीस रुपयांची वस्तू. नवीन पंप महागातला आणला, 'सायलेंट' लिहिलेला. तो वेगळ्या सुरात घुर्र करायचा. आबांनी मग काही म्हणायचंच सोडलं, रात्री उठून गपचूप बटण बंद करायचे आणि पहाटे मी उठायच्या आत चालू करायचे. मला हे बऱ्याच दिवसांनी कळलं, सकाळी सकाळी मासे वर येऊन तोंड का मारतात त्याचं कोडं सुटलं तेव्हा. म्हाताऱ्या माणसाला रात्रीचं चोरून बटण दाबायला लागतंय, हे काय बरोबर वाटेना.

म्हणून प्लॅटी. जुनाच पॉवर फिल्टर, झोत अर्ध्यावर, तोंड काचेकडं वळवलेलं, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली म्हणजे पाणी पडल्याचाही आवाज नाही. प्लॅटी आखूड शेपटीचा, अंगानं दाबका, तो त्या झोतातनं आरामात पोहतो, आमची पोरं तर मुद्दाम झोतात शिरतात आणि घसरगुंडी केल्यासारखी खाली येतात. 2019 च्या दिवाळीत आणले, तेव्हापासनं फिल्टर चोवीस तास चालू आणि आबा रात्रभर गाढ.

थंडीत पण मला फरक जाणवला. मी हिटर लावत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे टाकीचं पाणी हाताला गार लागतं तेव्हा गप्पी पंख मिटून तळाला बसायचे, प्लॅटी जरा मंद होतात पण खायला येतात. प्लॅटीला तसंही गप्पीपेक्षा थोडं गार पाणी चालतं. मॉली म्हणजे ह्यांच्याच जातकुळीतला मासा, तिचं कोण विचारेल म्हणून सांगतो, दोन आणल्या होत्या, थंडीत जागच्या जागी डुलायला लागल्या. त्यांना कोमट आणि जड पाणी लागतं, आणि मोठी टाकी. तो विषय इथंच सोडू.

2021 च्या जुलैत पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत पुराचं पाणी आलं नाही, पण नळालाही आलं नाही, पाणी उपसायची केंद्रंच बुडालेली. टँकरच्या घागरी मोजून वापरत होतो, तिथं टाकीचं पाणी बदलायचं नाव कोण काढणार. दोन आठवडे एक थेंब बदललं नाही, खाणं एक दिवसाआड चिमूटभर. एकही प्लॅटी गेला नाही. आता गप्पी असते तर गेले असते असं मी म्हणत नाही, ते तेव्हा माझ्याकडं नव्हतेच, त्यामुळं ही तुलना न्यायाची नाही. पण माझ्या मनात ती नोंद झालीय.

पिल्लांच्या बाबतीत दोघं सारखेच. साधारण महिन्याला एकदा, आणि मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, त्यामुळं फक्त माद्या आणल्या तरी पुढं काही महिने पिल्लं होतच राहतात. इथं मात्र गप्पी पुढं आहे. नुसते नर ठेवले तरी टाकी भरगच्च रंगीत दिसते आणि पिल्लांचा प्रश्नच नाही, शिवाय नर कुठला हे लांबनं कळतं. प्लॅटीत नर-मादी दोन्ही रंगीत, पोटाखालचा पंख काडीसारखा, म्हणजे नर, आहे का बघत दुकानात वाकून बसायला लागतं, आणि लाल-काळ्या मादीचं पोट भरलंय का नुसती खाऊन फुगलीय ते ओळखता येत नाही. जादा झालेली पिल्लं वाटा, दुकानात परत द्या, पण रंकाळ्यात सोडू नका. बाहेरचा मासा आहे, तिथल्यांच्या तोंडचं खाणार.

प्लॅटीचं मला खटकतं ते एवढंच की पाहुण्यांना त्याचं काही वाटत नाही. येतात, बघतात, "साधेच की हे" म्हणतात आणि चहाकडं वळतात. आणि खादाड लई. नुसत्या फ्लेक्सवर, म्हणजे डबीतल्या सुक्या पापडीसारख्या खाण्यावर ठेवला की पोट बिघडतं, आठवड्यातनं एकदा उकडलेला मटार साल काढून कुस्करून टाका, नाहीतर पालकाचं पान. काचेवरचं शेवाळ चाटतो ते वेगळं.

तुमच्याकडं टाकी हॉलमध्ये असेल आणि झोपायची खोली आत, तर बिनघोर गप्पी घ्या, स्पंज फिल्टर लावा, चेक व्हॉल्व्ह विसरू नका. सकाळच्या उन्हात ते जे दिसतं ते प्लॅटी देणार नाही. एकाच खोलीत माणसं आणि मासे असतील तर मी आपलं प्लॅटी म्हणेन.

ऑफिसवाल्यालाही शेवटी हेच सांगितलं होतं. काल त्याचा फोटो आला, सहा लाल शेपटीचे गप्पी, मागं काळा पॉवर फिल्टर. पोरीला शेपटीच आवडल्या म्हणे. खाली विचारलंय, दादा, फिल्टर रात्री बंद ठेवला तर चालतंय का.