क्रिस्टी रिंग समजून घेण्यासाठी क्रोक पार्कचे संग्रहालय

डब्लिनमधील क्रोक पार्क मैदानाच्या क्युसॅक स्टँडखाली असलेले जीएए (आयर्लंडच्या पारंपरिक खेळांची संघटना) संग्रहालय, हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश सांघिक खेळाचा गंधही नसलेल्या माणसाने पाहावे का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र जाण्यापूर्वी एखाद्या खेळाडूची कारकीर्द वाचून घेतली, तरच तिकिटाचे पैसे पुरते वसूल होतात. त्यासाठी क्रिस्टी रिंग यांच्याइतकी योग्य व्यक्ती दुसरी नाही.

कॉर्क परगण्यातील क्लॉइन गावी १९२० मध्ये जन्मलेले रिंग १९३९ ते १९६३ या काळात कॉर्ककडून खेळले आणि अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची आठ पदके त्यांनी मिळवली. हा खेळ आजही हौशीच असल्यामुळे खेळण्याचा पगार मिळत नाही. रिंगही तेल कंपनीचा ट्रक चालवून संसार करत.

संग्रहालयात सर्वाधिक वेळ द्यावा तो अखिल आयर्लंड हर्लिंग विजेत्यांना मिळणाऱ्या मूळ लियम मॅकार्थी चषकाला. जुन्या आयरिश पेयपात्राच्या घाटाचा, चार कानांचा हा चांदीचा चषक १९२०च्या दशकापासून विजेत्यांच्या हाती फिरला आणि १९९०च्या दशकात त्याची जागा नव्या चषकाने घेतली. १९४६, १९५३ आणि १९५४ मध्ये कर्णधार रिंग यांनी उंचावला तो हाच, हे ठाऊक असले की पाय तिथून लवकर हलत नाहीत.

पुढच्या दालनात स्वतः हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, हातात घेऊन चेंडू मारून पाहण्याची सोय आहे. ती मुलांसाठी आहे असे समजून मोठ्यांनी ती टाळू नये, कारण पदके पाहून जे कळत नाही, ते मनगटांचे कसब इथे काही फटक्यांतच लक्षात येते. शिवाय रिंग यांच्या काळी शिरस्त्राणाची सक्ती नव्हती. ती सर्वांसाठी २०१० मध्ये आली.

मैदानाची फेरी जोडून घेतल्यास खेळाडूंच्या बोगद्यातून थेट हिरवळीच्या कडेपर्यंत जाता येते. १९५६च्या अंतिम सामन्यात इथेच प्रतिस्पर्धी वेक्सफर्ड परगण्याचा गोलरक्षक आर्ट फोली याने अखेरच्या मिनिटांत रिंग यांचा फटका अडवला आणि त्यांचे नववे पदक हुकले. सामना संपताच वेक्सफर्डच्याच निक ओडॉनेल आणि बॉबी रॅकार्ड यांनी पराभूत रिंग यांना खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेले. प्रतिस्पर्ध्याकडून असा मान मिळवणारे खेळाडू कोणत्याही खेळात विरळाच.

फक्त भव्य मैदान पाहायचे असेल, तर फेरी पुरेशी आहे. संग्रहालय मात्र घाईत उरकण्याजोगे नाही. सामन्याच्या दिवशी प्रवेशाचे नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे आधी चौकशी करूनच जावे. ज्यांना कॉर्कपर्यंत जाणे शक्य आहे, त्यांनी क्लॉइनमधील रिंग यांचा पुतळाही अवश्य पाहावा.