डबल केबिन पिकअप आणि ४५ किलोचा रॉटवायलर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी डबल केबिन, डिझेल, मॅन्युअल गियर, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), हवं तेव्हा लावायचं फोर व्हील ड्राइव्ह. मागचा माल ठेवायचा हौदा आतून १.५ मीटर लांब. आठ महिन्यांत १४ हजार किलोमीटर झाले. त्यातला निम्मा प्रवास मालाचा आणि बऱ्याच फेऱ्यांना ४५ किलोचा कुत्रा सोबत. इंजिनाची ताकद, स्क्रीनचा आकार वगैरे कुठेही वाचायला मिळतं, म्हणून ते सोडून देतो.

सुरुवात वजनापासून. पिकअपवर ‘एक टन’ असा शिक्का बसलेला असतो आणि तोच सगळ्यांत फसवा. चालकाच्या दाराच्या खांबावर एक पट्टी असते, तिच्यावर गाडीचं भरलेलं कमाल वजन दिलेलं असतं. इथे ते ३,१०० किलो आहे. रिकामी गाडी २,०५० किलो. उरले १,०५० किलो, पण ते फक्त मालाचे नाहीत. हौद्यावरचं छत ७० किलो, हौद्याचं अस्तर २०, मागचा टो हूक ३०, कुत्र्याचा ॲल्युमिनियमचा पिंजरा ३५, कुत्रा ४५ आणि चार मोठी माणसं धरली तर ३००. एकूण ५०० किलो सामान चढवायच्या आधीच संपले. काही कंपन्या रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक धरतात, काही धरत नाहीत. पुस्तिकेत ती बारीक टीप शोधावी.

वाळूचा हिशोब तर प्रत्येकाने एकदा कागदावर करावा. छत आणि पिंजरा उतरवला, गाडीत दोनच माणसं बसली, तर साधारण ८५० किलो माल चालतो. कोरडी वाळू घनमीटरला १,६०० किलोच्या आसपास भरते, म्हणजे अर्ध्या घनमीटरहून किंचित जास्त. हौद्यात तिचा थर होतो जेमतेम वीतभर. वाळू ओली असेल तर दोन-तीन बोटं कमीच. वीतभर थर झाला की थांबायचं, बाकी हौदा रिकामा दिसला तरी. काठोकाठ भरला तर दीड टनाच्या पुढे जातो. पाटे उलटे वाकतात, मागचे टायर तापतात आणि पुढचं चाक हलकं पडल्यामुळे स्टिअरिंगला पकड राहत नाही. दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यात घुसतो तो वेगळाच. डॅशबोर्डवर झोत खाली करायची चकती असते. माल भरला की ती फिरवायची हे बऱ्याच मालकांना वर्षभर माहीतच नसतं.

आठ बाय चार फुटांचं प्लायवूड चाकांच्या उंचवट्यांच्या मधे बसत नाही. तिथली जागा १.१ मीटर आणि प्लाय १.२२ मीटर रुंद. ते उंचवट्यांवर आडवं टाकावं लागतं आणि मग मागे जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. अशा वेळी उंचवट्यांच्या मापाचे दोन लाकडी ओंडके मधे ठेवले की तक्ते वाकत नाहीत. फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, उघडा ठेवून माल नेताना त्याच्या दोन्ही तारांवर किती वजन चालतं ते पुस्तिकेत असतं. त्याच्या वर जाऊ नये. तार सहसा अचानकच तुटते.

रिकाम्या गाडीचा सूर वेगळा. पाटे मालासाठी बनवलेले, त्यामुळे रिकाम्या हौद्याने खड्ड्यात मागचा भाग टणकन उडतो. रिकामी असताना चारही टायरना ३२ आणि भरल्यावर मागे ४२ हवा हे या गाडीचं माप. पण बहुतेक जण आळसाने कायम ४२ ठेवतात आणि मग गाडी दणके देते म्हणून रडतात. ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी वळणावर मागून सटकते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं आणि ओढ मात्र तिथूनच. यावर उपाय म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून ठेवू नका. मधे डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरपेटी) नसल्यामुळे वळताना पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये पीळ बसतो आणि लिव्हर अडकून बसतो. अडकलाच तर सरळ रेषेत पाच-सात मीटर मागे घ्यायची, पीळ सुटतो.

मायलेज रिकामी ११.५, भरलेली ९.५. तक्रार नाही.

तक्रार आहे ती धूर गाळणाऱ्या फिल्टरबद्दल, आणि ती या गाडीपुरती नाही, सगळ्याच नव्या डिझेलची आहे. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की फिल्टरमधली काजळी जाळायचं काम अर्धवट राहतं. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल जळत नाही, सिलिंडरच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर दिसलं तर खूश होऊ नये, ते पातळ झालंय. आठवड्यातून एकदा २०-२५ मिनिटं एकसारख्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर चालवावी. ओळखायची खूण अशी: उभी असताना आयडलिंग थोडं वाढलेलं, पंखा जोरात, जळका वास. त्या वेळी वाळक्या गवतावर गाडी उभी करायची नाही. फिल्टरमध्ये तेव्हा ६०० अंशांच्या आसपास तापमान असतं आणि धुराड्याचा नळ हौद्याच्या खालूनच मागे जातो.

आता हाच नळ लक्षात ठेवून कुत्र्याकडे वळू.

उघड्या हौद्यात दोरीने बांधलेला मोठा कुत्रा चित्रात रुबाबदार दिसतो. व्यवहारात यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. पत्रा वरून उन्हाने आणि खालून नळाने तापतो, पंजे भाजतात. दोरी लांब असेल तर कुत्रा कठड्यावरून उडी मारून लटकतो, आखूड असेल तर ब्रेकला मान आवळली जाते. डोळ्यांत कचरा जातो. शिवाय वाहन उभं असताना तो नेमका जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतो. बांधलेला, पळता न येणारा, आपली जागा राखणारा कुत्रा आणि त्याच्यापुढे परक्याचा हात. ‘ही जात चावते’ म्हणणाऱ्या बऱ्याच कहाण्या अशाच जागी घडतात. तिथे लॅब्राडोर असता तरी गुरगुरला असता.

छत लावून आत पिंजरा ठेवणं हा चालण्यासारखा मार्ग आहे, पण त्यातही एक खाच आहे. छताची मागची काच उघडी ठेवून गाडी चालवली तर गाडीमागे हवेचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे एग्झॉस्टचा धूर उलटा आत ओढला जातो. मागची काच बंद, बाजूच्या खिडक्या उघड्या, हेच बरोबर. पिंजरा केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवायचा, खाली जाड रबरी मॅट, आणि चारही कोपऱ्यांतून हौद्याच्या कड्यांना रॅचेट पट्टे, म्हणजे दांड्याने घट्ट आवळता येणारे. रबरी इलॅस्टिकचे हूक चालणार नाहीत, ते ताणले जातात. पन्नासच्या वेगातली गाडी धडकेत दशांश सेकंदात थांबली तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्या वजनाच्या साधारण १४ पट जोर येतो. ४५ किलोचा कुत्रा तेव्हा सव्वासहाशे किलोच्या जोराने पुढे जातो. पिंजऱ्यासकट धरलं तर अकराशेच्या पुढे. पट्ट्यांवरचा आकडा हे गणित करूनच निवडावा.

आठ महिन्यांनंतरचं मत असं की कुत्रा एकच असेल तर छत-पिंजऱ्याचा घाट घालू नये. मागचं सीट वर दुमडून केबिनमध्येच जागा करावी. छातीला रुंद पट्टा असलेला, धडकेची चाचणी झालेला हार्नेस सीटबेल्टच्या बकलला लावायचा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. एसी तिथे पोहोचतो, कुत्रा दिसतो, हौदा मालाला मोकळा राहतो. केस होतात, तो भाग वेगळा. दर आठवड्याला रबरी ब्रशने ओढून काढावे लागतात, व्हॅक्यूमने कापडात रुतलेले निघत नाहीत.

चढ-उताराकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. फाळका जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर. तरणा रॉटवायलर एका उडीत चढतो, म्हणून मालकाला वाटतं झालं काम. खरा त्रास उतरताना आहे. सगळं वजन पुढच्या पायांवर आदळतं, आणि या जातीत कोपराचे सांधे आणि मागच्या गुडघ्याचा लिगामेंट हे दोन्ही मुळातच दुखरे भाग. रॅम्प १.८ मीटरचा घेतला तर चढ २६ अंशांचा होतो, बरेच कुत्रे तिथे पाय रोवून बसतात. २.१ मीटरचा घेतला की २२ वर येतो आणि फरक लगेच दिसतो. शिकवताना आधी दोन-तीन दिवस रॅम्प सपाट जमिनीवर ठेवून त्यावरून चालवायचं, मग एका पायरीवर टेकवायचा, शेवटी गाडीला. वरचं टोक फाळक्याला पट्ट्याने बांधल्याशिवाय कुत्र्याला पाय ठेवू देऊ नये. एकदा रॅम्प पायाखालून सरकला की महिनाभर तो त्याच्याकडे बघणार नाही.

बंद गाडीतल्या उन्हाकडेही असंच दुर्लक्ष होतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. काळ्या, जाड अंगाच्या कुत्र्याला ‘दहा मिनिटांत येतो’ हे चालत नाही.

लोकांच्या भीतीबद्दल दोन शब्द, कारण पार्किंगमध्ये तिच्याशी रोज गाठ पडते. रॉटवायलर हे नाव जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून आलं. गुरं हाकणं आणि खाटकाची हातगाडी ओढणं हे त्याचं काम. म्हणजे मूळचा मालवाहूच, पिकअपचा जुना भाऊबंद. पिटबुल ही तर एक जातही नाही, लोक तीन-चार जातींना आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या कुठल्याही संकराला ते नाव देतात. ‘त्याचा जबडा लॉक होतो’ ही निव्वळ थाप आहे, असं कुलूप कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात नसतं. पण दुसऱ्या बाजूची थापही तितकीच जुनी: पूर्वी हे कुत्रे मुलं सांभाळायला ठेवत म्हणे. त्यालाही आधार नाही.

ब्रिटनने १९९१ च्या कायद्यात कुत्र्यांच्या चार प्रकारांवर बंदी घातली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सवलतपत्राशिवाय एक्सएल बुली हा पिटबुलसारखाच पण मोठा कुत्रा पाळणं गुन्हा ठरवलं. नेदरलँड्सने १९९३ ची पिटबुलबंदी २००८ मध्ये मागे घ्यायचं ठरवलं, चाव्यांचं प्रमाण घटलं नाही म्हणून. २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून मिळालेली माहिती आली. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच जातीने समजावता आला. याचा अर्थ सगळे कुत्रे सारखे असा काढू नये. नावावरून स्वभाव कळत नसला तरी जबड्याची रुंदी आणि वजन तर दिसतंच. ४५ किलोचा कुत्रा एकदाच चुकला तरी टाके पडतात, १० किलोचा दहादा चुकला तरी कुणी नोंद करत नाही. म्हणून बंदोबस्त वजनाच्या हिशोबाने करावा, टनाच्या शिक्क्यापेक्षा दारावरची पट्टी पाहतो तसा. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य मालकाने विसरून जावं.

गाडीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणं ही सवय लागली की सुटत नाही. प्रत्येक भुंकण्यानंतर माणूस पुढे निघून जातो, कुत्र्याला वाटतं आपणच हाकलला. मागच्या खिडक्यांना जाळीचे पडदे लावले की अर्धा प्रश्न मिटतो. गुरगुरला तर ओरडू नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात येतो. गुरगुरण्याआधी अंग ताठ होतं, तोंड मिटतं, डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसतो. तिथेच अंतर वाढवायचं.

मझल, म्हणजे तोंडाला बांधायची मुसकी, टोपलीसारखी घ्यावी, ज्यात तोंड उघडून धापता आणि पाणी पिता येतं. कापडी नळीसारखी तोंड बंद करते, गाडीत ती धोक्याची, कारण कुत्रा धापूनच अंग थंड करतो. आधी मझलच्या तळाला खाऊ लावून त्याला स्वतःहून तोंड घालू द्यायचं, पट्टा आठवड्याने लावायचा.

देखभालीत लक्षात राहिलेल्या दोन गोष्टी. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या हजार किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत. नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतात, मग मागून येणारा कटकट आवाज लोक शॉकॲब्सॉर्बरवर ढकलतात. आणि हौद्याचं नुसतं आत ठेवलेलं प्लास्टिकचं अस्तर काढून फवारलेलं घ्यावं. प्लास्टिकच्या खाली पाणी आणि वाळू अडकते, पत्रा घासला जातो आणि गंज वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. कुत्र्याच्या मुताने तर तो आणखी लवकर धरतो.

घ्यायची की नाही? आठवड्यातून एकदा तरी हौदा भरत असेल तर घ्या. फक्त कुत्र्यासाठी म्हणाल तर नको. सपाट मागच्या फरशीची स्टेशन वॅगन साधारण साठ सेंटिमीटरवर उघडते आणि रॅम्पही छोटा पुरतो. शोरूमला जाताना टेप घेऊन जा. कुत्रा कुशीवर पाय पसरून झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत आणि पाठीपासून पंजापर्यंत माप घ्या आणि ते मागच्या सीटची बैठक दुमडल्यावर उरलेल्या जागेत टाकून पाहा. दोन-तीन गाड्यांत त्या जागेत मधोमध बोगद्याचा उंचवटा येतो, विक्रेता तो दाखवत नाही.