सरकारी खरेदीचा सर्टिफिकेट कोर्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या भांडार शाखेत नव्याने आलेल्या सहकाऱ्याने परवा निविदेचा मसुदा टेबलावर ठेवला. परफॉर्मन्स सिक्युरिटी (काम नीट पुरं होईल याची हमी म्हणून पुरवठादाराने ठेवायची रक्कम): १० टक्के. विचारलं तर म्हणाला, "सर, कोर्सच्या नोट्समध्ये ५ ते १० आहे, परीक्षेतही तेच बरोबर धरलं." मीही तोच कोर्स केलाय, म्हणून हे लिहितोय.

केंद्र सरकारच्या वित्तीय नियमावलीत, म्हणजे जीएफआर २०१७ च्या नियम १७१ मध्ये, मुळात ५ ते १० टक्केच होतं. कोविडच्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, ते ३ टक्क्यांवर आणलं आणि पुढे नियमच बदलून ३ ते ५ टक्के केला. नोट्स मात्र जुन्याच. आदेशाची प्रत जोडून संस्थेला मेल केला, तर "पुढच्या आवृत्तीत घेऊ" एवढंच उत्तर आलं. त्यानंतरची बॅच त्याच नोट्स वाचून पास झाली.

एका आकड्याने काय बिघडतं? २० लाखांच्या ऑर्डरवर १० टक्के म्हणजे २ लाख, ३ टक्के म्हणजे ६० हजार. ही रक्कम वॉरंटी संपून वर ६० दिवस होईपर्यंत अडकलेली. वॉरंटी तीन वर्षांची असली की छोटा पुरवठादार निविदाच भरत नाही, नाहीतर अडकलेल्या पैशाचं व्याज मालाच्या किमतीत चढवतो. भुर्दंड सरकारी तिजोरीला, म्हणजे आपल्यालाच. पाच आकडी फी घेऊन हेच शिकवायचं असेल तर संताप येतो.

इतका की, यापुढे कुणाला या कोर्सला पाठवू नये अशी टिप्पणी मी लिहायला घेतली होती. ती पुढे सरकवली नाही, कारण त्याच सुमारास आमच्या प्रिंटर खरेदीची फाईल निघाली आणि कोर्समधलं स्पेसिफिकेशनचं (वस्तूत काय काय हवं ते लिहिण्याचं) सत्र कामी आलं. त्या सत्राच्या मॅडम निवृत्त लेखा अधिकारी. त्यांनी प्रत्येकाला आपल्या ऑफिसचं जुनं स्पेसिफिकेशन आणायला लावलं होतं. पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक ओळीपुढे लिहायचं: हे नसलं तर काम अडेल का? आमच्या कागदावर प्रिंटरचं वजन, मिलिमीटरमधली रुंदी, पॅनेलचा आकार. सगळं एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवलेलं. निम्म्या ओळी खोडल्या गेल्या. उरलं ते महिन्याची पानं, दोन्ही बाजूंची छपाई आणि एका टोनरमध्ये निघणारी पानं. यंदा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या बिडमध्ये एवढंच टाकलं. पूर्वी कधी न आलेल्या कंपन्यांनी बोली लावली, दरही उतरला, आणि ऑडिटला दाखवायला प्रत्येक अटीचं कारण फाईलवर आहे.

त्या एका दिवसासाठी फी वसूल, असं आता म्हणतो. बाकी प्राथमिक भाग आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षण पोर्टलवर फुकट शिकता येतो.

जाणार असाल तर जुनं स्पेसिफिकेशन सोबत न्या आणि टक्केवारीचा प्रत्येक आकडा अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाच्या आदेशांशी ताडून घ्या. नोट्समध्ये कोणत्या तारखेपर्यंतच्या सुधारणा घेतल्यात, एवढी एक ओळ पहिल्या पानावर छापा, असा मेल संस्थेला पुन्हा टाकलाय.